पोळ्याचं आवतन

मैत्रिणींनो, श्रावण उतरणीला लागला. नागपंचमी झाली, राखी झाली, कान्होबा बसले आणि उठलेही. आता कॅलेंडरवर अमावास्येच्या चौकटीतला तो छोटासा बैल आपल्याकडे बघतो आहे. पोळा आला.

दर वर्षी या सुमारास एक प्रश्न हमखास कानावर येतो. नोकरीपायी बदली होऊन आलेल्या, क्वार्टरमध्ये किंवा नव्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या बायका विचारतात, "आमच्याकडे ना वावर, ना बैल. आम्ही पोळ्याला करायचं तरी काय? पुरण घालायचं, जेवायचं आणि दुपारी झोपायचं?" विचारणारी हसत विचारते, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण आता तो फक्त ले-आउटमधल्या बाईचा राहिलेला नाही. ज्यांची चार-सहा एकर शेती आहे त्यांच्याही कोठ्यात आज बैल नाहीत. वखर-डवरा ट्रॅक्टरवाला भाड्याने करून जातो. म्हणजे पोळ्याला ओवाळणाऱ्या बायका पुष्कळ आणि ओवाळून घेणाऱ्या जोड्या थोड्या, अशी गत झाली आहे.

आणि हे कुठे, तर आमच्या कारंज्यात! हे घाडग्यांचं कारंजा बरं का. लाडांचं कारंजा तिकडे वाशीम जिल्ह्यात. पत्त्यावर 'घाडगे' लिहायचं राहिलं तर पत्र आधी तिकडचा पाहुणचार घेऊन येतं. आमचं कारंजा वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर, सोयाबीन. आणि आर्वी-आष्टी-कारंजा हा सगळा पट्टा म्हणजे गौळाऊ बैलाचं माहेर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पांढरा, सडसडीत अंगाचा, निमुळत्या लांब तोंडाचा, आखूड शिंगांचा आणि चालीला असा चपळ की गाडीला जुंपला की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. इकडच्या गवळी समाजाने ही जात पिढ्यान्‌पिढ्या जपली. नावातही गवळी आहेच. मराठ्यांच्या फौजांचं सामान वाहायला हीच जनावरं असत, असं सांगतात. आपल्याच तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे. कधी त्या बाजूला गेलात तर मुलांना दाखवा. पुस्तकातल्या बैलापेक्षा बरा समजेल.

पोळा नुसता बैलाचा सण असता, तर बैलांबरोबर तोही गेला असता. पण जरा निरखून बघा, त्या दोन दिवसांत गावात कोण कोण काय काय करतं.

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्टा पडलेला असतो. तो गरम पाण्याने शेकायचा, हळद-तूप किंवा लोणी चोळून मऊ करायचा आणि बैलाच्या कानाशी लागून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आपण लग्नाच्या पंगतीचं आवतन देतो तसंच, अगदी त्याच शब्दाने. मला या सगळ्या सणात हा क्षण फार आवडतो. वर्षभर ज्याला हाकललं, चाबूक दाखवला, त्याला एक दिवस पाहुणा म्हणून बोलवायचं, तेही आदल्या दिवशी, रीतसर.

पोळ्याच्या सकाळी नदी-नाल्यावर नाहाणं. मग शिंगांना रंग आणि बेगड, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा आणि कवड्या, पाठीवर झूल, अंगावर गेरूचे ठिपके. नवी वेसण, नवा कासरा. त्या दिवशी जू मानेवर ठेवायचं नाही. तिसऱ्या प्रहरी सगळ्या जोड्या आखरावर जमतात. तिथे आंब्याच्या पानांचं लांब तोरण बांधलेलं असतं, त्याखाली रांग लागते. वाजंत्री वाजतात, झडत्या सुरू होतात. झडत्या म्हणजे पोळ्यातली खणखणीत म्हणणी. एकजण म्हणतो, दुसऱ्या बाजूचा त्याला तोडीस तोड उत्तर देतो आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. जुन्या झडत्यांत देवादिकांच्या कथा. नव्या झडत्यांत कापसाचा भाव, बँकेचं कर्ज, न आलेला पाऊस आणि निवडून आलेला पुढारीसुद्धा. जे एरवी कचेरीत साहेबापुढे बोलता येत नाही ते इथे शंभर माणसांत मोठ्याने म्हणता येतं आणि कोणी रागवत नाही. मग मानकरी तोरण तोडतो आणि पोळा 'फुटतो'. जोड्या मारुतीच्या देवळाला जाऊन घरोघर निघतात.

इथून पुढचा सण आपला. जोडी दारी येते. तिच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं, सुपातून नैवेद्य द्यायचा आणि जोडी धरणाऱ्याच्या हातावर 'बोजारा' ठेवायचा. बोजारा म्हणजे भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे. बैलाची निगा ज्याने राखली त्याच्या हक्काची ती ओवाळणी आहे. त्याला त्या दिवशी नवे कपडे आणि घरच्या माणसासारखं पान वाढलेलं जेवण. आमच्या सासूबाईंच्या वेळी पोळ्याला मालक मागाहून जेवायचा, सालदार आधी. एक दिवस का होईना, पंगत उलटी व्हायची.

आता या यादीत मोजा, प्रत्यक्ष बैल किती जणांकडे लागतो? कुंभार मातीचे बैल करतो, सुतार लाकडाचे करतो, वाजंत्रीवाला वाजवतो, झडतीवाला म्हणतो, बाई दारात उभी राहते, पोरं मागे धावतात. बैल मधोमध असतो खरा, पण त्याच्याभोवती साऱ्या गावाला काम वाटून दिलेलं असतं. सणात ज्याला काम असतं त्याचाच तो सण. ज्याला काम नाही तो प्रेक्षक, आणि प्रेक्षक काय, आज आहे उद्या नाही.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. थोडं दूर, थेट जपानला जाऊन येऊ. घाबरू नका, पुरण गार होण्याच्या आत परत येऊ.

जपानात शिंतो म्हणून जुना धर्म आहे. आपल्या ग्रामदैवतासारखे त्यांचे गावोगावचे, वस्तीवस्तीचे देव; त्या रक्षणकर्त्या देवाला ते उजिगामी म्हणतात आणि त्या देवाच्या छायेत राहणारी जी घरं, त्यांना उजिको, म्हणजे देवाची लेकरं. वर्षातून एकदा देवाची जत्रा, तिला मात्सुरी म्हणायचं. त्या दिवशी देव देवळातून बाहेर पडतो आणि 'मिकोशी' नावाच्या पालखीत बसून सगळ्या गल्ल्यांतून फिरतो. ही पालखी भलतीच जड असते. ती चार जणांनी उचलायची नसतेच. खांदे बदलत बदलत साऱ्या वस्तीने उचलायची असते. टोकियोच्या आसाकुसा भागात मे महिन्यात सांजा मात्सुरी होते. तिथे देवळाच्या तीन मोठ्या मिकोशी असतात आणि शिवाय मोहल्ल्यामोहल्ल्याच्या मिळून शंभराच्या आसपास पालख्या निघतात. त्यांत लहान मुलांच्या खांद्याला झेपतील अशा छोट्या मिकोशीही असतात. काही गावांत देवाचं यजमानपण दर वर्षी एका घराकडून दुसऱ्या घराकडे फिरत जातं. देणगीदारांची नावं ओळीने लिहून देवळापाशी टांगायची पद्धत मात्र थेट आपल्या गणेश मंडळासारखी. माणूस इथून तिथून सारखाच.

त्या देशात बैलांची नव्हे, खांद्यांची टंचाई आली आहे. पोरं शहरात गेली, गावात म्हातारी माणसं उरली, पालखी उचलायची कोणी? कित्येक गावांनी उपाय काढला तो असा की ज्यांना आजवर लांब ठेवलं होतं त्यांना आत घ्यायचं. कुठे शेजारच्या गावची माणसं, कुठे शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी आणि पुष्कळ ठिकाणी बायका. नागोयाजवळ इनाझावा नावाचं गाव आहे, तिथल्या कोनोमिया देवळाचा उत्सव बाराशे वर्षांहून जुना मानतात. थंडीच्या ऐन कडाक्यात हजारो पुरुष लंगोटीवर गर्दी करतात. निवडलेल्या एका माणसाला हात लावला की आपली वर्षभराची पीडा त्याच्याकडे जाते, असा तिथला भाव. हा उत्सव पक्का पुरुषांचा. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा चाळीसेक बायका त्यात रीतसर सामील झाल्या. अंगात झगे घालून, कापड गुंडाळलेला बांबू खांद्यावर घेऊन त्या देवळात गेल्या आणि तो देवाला वाहिला. गर्दीच्या रेटारेटीत त्या गेल्या नाहीत, आणि जायला हवं होतं असंही मला वाटत नाही. पण देवळाच्या वाटेवर त्यांना जागा झाली.

ही बातमी वाचली तेव्हा मला आपल्याकडचा दारातला ओवाळणीचा पाट आठवला. का, ते सांगते.

विदर्भात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती कास्तकारांनी जीव दिला हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या घरांतल्या बायका वावर कसतात. बियाणं आणतात, मजूर लावतात, बँकेत उभ्या राहतात. पण पोळ्याच्या दिवशी जोडी दारात आली की ओवाळायला कोण? धाकटी जाऊ, नाहीतर शेजारची सवाष्ण. ज्या बाईने वर्षभर त्या बैलांच्या पुढ्यात कडबा टाकला, रात्री उठून पाणी दाखवलं, ती आत कढईसमोर भजी तळत असते. आमच्या ओळखीत असंच एक घर आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. चार वर्षं ती बाई अशीच आत राहिली. पाचव्या वर्षी तिच्या जावेने काय केलं, ताट तिच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "बैल तुला ओळखतात, मला नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे होकारच होता. बैलांनीही मान खाली घालून कुंकू लावून घेतलं. त्यांना कोण सवाष्ण आणि कोण नाही, हे कुठे कळतं!

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव चांगलाच आहे. पण ठरावाने ताट हातात येत नाही, ते एका बाईने दुसऱ्या बाईच्या हातात द्यावं लागतं. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असं एखादं घर असेल तर यंदा तुम्हीच पुढे व्हा. भाषण नको, चर्चा नको. ताट तयार करा, वात लावा आणि तिच्या हातात द्या. मोठ्यांपैकी कोणी कुरकुरलं तर 'बैलाची निगा जिने राखली तिचा मान' असं सांगा. पोळ्याच्या रीतीतच हे बसतं.

आता क्वार्टरवाल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळू. बैल नाही, तर करायचं काय?

पहिलं म्हणजे गावात ज्या थोड्या जोड्या उरल्या आहेत त्यांना आपल्या दारी बोलवा. बोलवा म्हणजे आदल्या दिवशी जाऊन आवतन द्या. ते लोक आपण होऊन ले-आउटमध्ये येत नाहीत, कारण बंद फाटकापुढे बैल उभे करून घंटी वाजवणं कोणालाही बरं वाटत नाही. चार घरांनी मिळून एका जोडीला बोलावलं तर ती चारही दारी येते. फाटक उघडं ठेवा, दारात रांगोळी घाला, कुत्रं आत बांधा. बोजारा पाकिटात घालून खिडकीतून देऊ नका, हातावर द्या. जोडीबरोबर आलेल्या माणसाला उभ्याने का होईना, पुरणपोळी आणि भजी खायला घाला. नवा शर्ट देणं जमत असेल तर फारच उत्तम. टॉवेल-टोपी तर जमतेच. आणि हो, जुना, नवऱ्याला न होणारा शर्ट त्या दिवशी काढू नका. तो एरवी द्या.

दुसरी गोष्ट नैवेद्याची, आणि ही मी जरा जोर देऊन सांगते. बैलाला पुरणपोळी खायला घालताना आपल्याला वाटतं, वर्षाचा सण, खाऊ दे पोटभर. पण एकच जोडी तीस-चाळीस दारी जाते. प्रत्येक दारी एकेक पोळी, वर कणकेचा गोळा, वर गूळ! रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट हिरव्या-वाळल्या चाऱ्यासाठी घडलेलं असतं. एकदम इतकी कणीक, डाळ आणि गोड पोटात गेलं की ते आंबतं, पोटात आम्ल वाढतं. बैल चारा सोडतो, रवंथ थांबते, पोट फुगतं, पातळ शेण होतं आणि वेळेवर डॉक्टर आला नाही तर जनावर दगावतंसुद्धा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गर्दी होते ती यामुळे. म्हणून आपल्या दारी पोळीचा एक घास, नुसता मानाचा, आणि बाकी सुपात हिरवा चारा. कडूळ, मका, साधं गवत, जे मिळेल ते. राहिलेली पोळी जोडीवाल्याच्या घरच्या पोरांसाठी बांधून द्या. ती माणसाच्याच पोटात शोभते. घरचा बैल असेल आणि वरची लक्षणं दिसली तर घरगुती काढे करत बसू नका, लगेच डॉक्टरला बोलवा.

शिंगांना ऑइलपेंट लावू नये, हे घरच्या कारभाऱ्यांना सांगायचं कामही आपलंच. तो रंग कातडीला आणि डोळ्याला झोंबतो, आणि बैल जीभ फिरवतो ती वेगळीच. गेरू आहे, हळद आहे. आणि हार-फुलं, प्रसाद प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलात तर पिशवी घरी परत न्या. आखरावर पडलेली पिशवी गुरांच्या पोटात जाते.

पुरणाचं प्रमाण बहुतेकींना पाठ आहे, तरी नव्या सुनांसाठी: पाव किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो गूळ, यात मध्यम आकाराच्या दहा-बारा पोळ्या होतात. डाळ बोटाने चेपली जाईपर्यंत शिजवा, कट निथळून घ्या (तो टाकू नका, आमटी करा), गूळ घालून पुरण असं आटवा की त्यात उलथणं उभं राहील. वेलची, जायफळ शेवटी. आपली वऱ्हाडी-नागपुरी पोळी पुरणाने गच्च भरलेली आणि वरचं आवरण पातळ. तूप हात राखून वाढलं तर ती पोळी रुसते, असं आमच्याकडे म्हणतात.

त्याच अमावास्येला पिठोरी असते हे विसरू नका. आपल्या राज्यात याच दिवशी मातृदिन मानतात. लेकुरवाळी बाई खिरी-पुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते आणि अतिथी कोण म्हणून विचारते. मागून पोर 'मी आहे' म्हणत ते घेतं. एका बाजूला बैलाला पाहुणा करायचं आणि दुसऱ्या बाजूला पोटच्या पोराला! मुलं शहरात शिकायला असतील तर फोनवरून विचारा. पोर हसेल, पण उत्तर देईल.

दुसरा दिवस पोरांचा, तान्ह्या पोळ्याचा. नागपूर-वर्धा भागाबाहेरून आलेल्या मैत्रिणींना ही गंमत नवी असते. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी मुलांसाठी हा पोळा सुरू केला असं मानतात. पोरं लाकडी बैल सजवून दोरीने ओढत आणतात, त्यांचाही तोरणाखाली पोळा भरतो आणि मग ती घरोघर बोजारा मागत फिरतात. आपल्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला आहे. तिथे चाकांवरचे एवढे मोठे लाकडी नंदी निघतात की पोराने ओढायचा की बापाने, असा प्रश्न पडावा. जपानातल्या त्या छोट्या मिकोशीची आठवण इथे होते. मोठ्यांचं काम पोरांच्या हाताला बसेल एवढं लहान करून द्यायचं. त्या दोन तासांत पोर जे शिकतं ते सांगून शिकवता येत नाही.

पण गावोगाव आता तान्ह्या पोळ्याला सजावट स्पर्धा आणि वेशभूषा स्पर्धा आल्या आहेत, आणि त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. कोणाचा बैल हजारोंचा, कोणाचा वीतभर. बक्षीस बहुधा मोठ्याच बैलाला मिळतं, म्हणजे बापाच्या खिशाला मिळतं. परीक्षक म्हणून तुमच्यापैकी कोणाला बोलावतातच, तेव्हा पोराने स्वतः काय केलं ते विचारा आणि त्याला गुण द्या. झूल कोणी शिवली? आईने शिवली असेल तर तेही चालेल, विकत आणली असेल तर कमी. आणि घरी बोजारा द्यायची वेळ आली की सगळ्यांना एकच रक्कम. दहा तर दहा, वीस तर वीस. साहेबाच्या मुलाला पन्नास आणि भांडीवाल्या बाईच्या मुलाला पाच, असं पोरं फाटकाबाहेर जाऊन मोजतात आणि लक्षात ठेवतात. ज्याच्याकडे लाकडी बैल नाही, जो मातीचा, नाहीतर पुठ्ठ्याचा बैल घेऊन आला आहे, त्याच्याही बैलाला कुंकू लावा. खरं तर त्याला आधी लावा.

बैल घ्यायचाच असेल तर प्लॅस्टिकचा नको. गावातल्या सुताराकडून करून घ्या. सागाचा असेल तर दोन पिढ्या टिकतो.

याच पाडव्याच्या सकाळी आणखी एक रीत आहे. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, 'मेढे', ठेवलेले असतात. ते दुसऱ्या दिवशी पहाटे उचलून, रोगराई आणि इडापीडा मारबतीने घेऊन जावी असा पुकारा करत पोरं गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपुरात तर याच दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड मारबतींची मिरवणूक निघते. ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची, १८८० नंतरच्या दशकातली. सोबत 'बडगे' निघतात. त्या वर्षी लोकांना जे छळत असेल, महागाई म्हणा, भ्रष्टाचार म्हणा, त्याचा पुतळा करायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. जपानच्या क्योतो शहरात जुलै महिनाभर चालणारा गिओन उत्सवही असाच साथीतून निघाला. इसवी सन ८६९ मध्ये मोठी रोगराई आली, तेव्हा देवाची मनधरणी करायला देशातल्या प्रांतांच्या संख्येइतके सहासष्ट भाले उभारून ही सुरुवात झाली असं तिथे सांगतात. आज त्याच्या रथांची उंची दुमजली घराहून मोठी असते. आणि गंमत पाहा, साथ घालवण्यासाठी निघालेल्या या उत्सवांना साथीनेच घरी बसवलं. २०२० आणि २०२१ मध्ये क्योतोतली रथांची मिरवणूक निघाली नाही, आणि २०२० मध्ये आपल्याकडेही मारबत रस्त्यावर आली नाही. त्या वर्षी कितीतरी घरांनी पाटावर मातीचे बैल मांडून पोळा केला. ओवाळायला घरचीच माणसं होती. पण आखर सुना होता, झडती म्हणायला समोर कोणी नव्हतं. घरातल्या घरात सगळं करूनही काहीतरी राहिलं, असं त्या संध्याकाळी जिला वाटलं नाही अशी बाई मला तरी भेटली नाही.

मेढे टाकायला लहान मुलांना एकट्याने हमरस्त्याकडे पाठवू नका. पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्याला ती दिसत नाहीत. गल्लीतल्या दोघी-तिघींनी सोबत जावं. आपलंही तेवढंच चालणं होतं, आणि पुकारा करायला आपल्यालाही कोणी मनाई केलेली नाही.

तान्हा पोळा आटोपला की लाकडी बैल तसाच सज्ज्यावर भिरकावू नका. बेगड आणि हार काढून ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, चाकांना आणि अंगाला हलकं गोडं तेल चोळा, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळा. झूल धुऊन वेगळी ठेवा. वेलबुट्टीचा दोरा कच्च्या रंगाचा असतो, म्हणून साबण नको, रिठ्याचं पाणी वापरा. दोरी तुटली असेल तर आत्ताच नवी लावून ठेवा, पुढच्या वर्षी त्या सकाळी सापडत नाही.